नौकेच्या तळाशी एक तापमापक

(जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जानेफळहून समुद्र फार दूर आहे. अरबी समुद्राचा सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांच्या आसपास भरतो. बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. तेव्हा मासेमारी नौकेच्या तळाला पाण्याचे तापमान मोजणारे यंत्र कसे बसवावे हा विषय या गावी कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्तच म्हटली पाहिजे. नौका नाही, बंदर नाही, खारे पाणी पाहायचे तर जिल्ह्यातले लोणारचे सरोवर तेवढे आहे.

परंतु या जिल्ह्याचे समुद्राशी नाते दुहेरी आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागातले पाणी पूर्णेतून तापीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत याच जिल्ह्यात उगम पावून मेहकरजवळून वाहणारी पैनगंगा वर्धेला, पुढे प्राणहितेला आणि गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात रिकामी होते. हे झाले जाणारे पाणी. येणारे पाणीही त्याच दोन समुद्रांवरून येते, फक्त ते आकाशातून येते. मृगाचा पाऊस वेळेवर पडला म्हणून सोयाबीन पेरावे आणि पुढे तीन आठवडे थेंब पडू नये, मग उसनवारी करून पुन्हा बियाणे घ्यावे, हा दुबार पेरणीचा अनुभव या तालुक्यातील शेतकऱ्याला नवा नाही. त्या तीन आठवड्यांच्या उघडिपीचे कारण आभाळात जेवढे असते, तेवढेच हजारो किलोमीटरांवरच्या पाण्याच्या उष्णतेत असते. ती उष्णता कोणीतरी, कोठल्यातरी नौकेवरून, नीट मोजावी लागते. जानेफळचा आणि नौकेच्या तळाशी बसवलेल्या तापमापकाचा संबंध तो हा.

समुद्र तापला की वाफ जास्त आणि वाफ जास्त की पाऊस जास्त, असे सरळ गणित पुष्कळ जण मांडतात. शाळेच्या पुस्तकातील जलचक्राचे चित्र पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कोणता समुद्र, कोठे आणि कोणत्या महिन्यात तापला यावर सारे अवलंबून असते. १८९९ च्या दुष्काळाने वऱ्हाडालाही झोडपले होते. त्यानंतर १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचे प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवामानाचे आकडे जमवून भारतीय पावसाचा माग काढण्याचा प्रयत्न वीस वर्षे केला. पॅसिफिक महासागराच्या पश्चिमेस हवेचा दाब चढला की पूर्वेस तो उतरतो, आणि या झोक्याचा भारताच्या पावसाशी संबंध आहे, हे त्यांनी दाखवले. तसे का होते याचा उलगडा मात्र त्यांच्या हयातीत झाला नाही. जेकब बर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात तो केला. हा झोका पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाशी जोडलेला आहे. पेरू देशाच्या किनाऱ्याकडील आणि विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा तापले की त्याला एल निनो म्हणतात. ज्या वर्षाने महाराष्ट्राला रोजगार हमी योजना सुरू करायला लावली, ते १९७२ हे एल निनोचे वर्ष होते.

म्हणून १९८२ सालची हकीकत थोडी सविस्तर सांगणे योग्य ठरेल.

त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिको देशातील एल चिचोन या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यातून निघालेल्या वायूंचे बारीक कण वातावरणाच्या वरच्या थरात पसरले. उपग्रह तेव्हा समुद्राचे तापमान वरून मोजू लागले होते. पाण्यातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून ते मोजतात. मध्ये कणांचा पडदा आल्यामुळे त्यांना समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसू लागला. नेमक्या त्याच काळात विसाव्या शतकातील एक अतिशय तीव्र एल निनो उभा राहत होता. पॅसिफिकमधून जाणारी काही जहाजे पाणी विलक्षण गरम असल्याचे कळवत होती. पण आकडे तपासणाऱ्या संगणकाला, नेहमीपेक्षा फार निराळा आकडा आला तर तो चुकीचा समजून बाजूला टाकावा, अशी सूचना दिलेली होती. संगणकाने आज्ञा पाळली. वरून पाहणारे यंत्र फसले आणि खालून सांगणाऱ्या नावाड्यावर विश्वास ठेवला गेला नाही. एल निनो बराच वाढेपर्यंत तो आला आहे हेच जगाच्या ध्यानात आले नाही. भारतात त्या वर्षीचा मोसमी पाऊस सरासरीहून बराच कमी पडला.

या फजितीनंतर १९८५ ते १९९४ या दहा वर्षांत विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये सुमारे सत्तर बोये नांगरून ठेवण्यात आले. प्रत्येक बोयाखाली दोरावर निरनिराळ्या खोलीला तापमापक बांधलेले. आपल्या देशातही चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने १९९६ पासून अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात असे बोये सोडण्यास आरंभ केला. २००० सालानंतर ‘आर्गो’ नावाचे तरंगक आले. हे यंत्र एक हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते, वर येताना पाण्याचे तापमान व खारेपणा मोजते आणि पृष्ठभागावर आल्यावर आकडे उपग्रहाला देऊन पुन्हा खाली जाते. जगातील सर्व समुद्रांत मिळून असे जवळजवळ चार हजार तरंगक आहेत. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘इन्कॉइस’ म्हणतात, आपल्या बाजूच्या समुद्रातील ही माहिती सांभाळते. हे केंद्र १९९९ साली स्थापन झाले.

त्याच वर्षी, १९९९ मध्ये, साजी, गोस्वामी, विनयचंद्रन व यामागाता या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराचाही स्वतःचा एक झोका असल्याचे दाखवून दिले. यांपैकी डॉ. गोस्वामी हे पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संचालक झाले. कधी आफ्रिकेकडचे पाणी तापते आणि इंडोनेशियाकडचे निवते, कधी याच्या उलट होते. पहिला प्रकार आपल्या पावसाला बहुधा उपकारक असतो. १९९७ मध्ये पॅसिफिकमध्ये प्रचंड एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, याचा एक उलगडा त्यात मिळाला. २०१९ मध्ये याच झोक्याने जोर धरला आणि देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस पडला. उलट २००२ मध्ये पाऊस सर्वसाधारण होईल असा अंदाज असताना जुलै महिना कोरडा गेला. २०२३ मध्ये पुन्हा एल निनो होता आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अंदाज चुकतात, हे लपवण्यात अर्थ नाही. ते कमी चुकावेत यासाठी पाण्याचा ताप योग्य रीतीने मोजलेला असावा लागतो, आणि येथेच नौका पुढे येते.

नौकेवरून पाण्याचे तापमान मोजण्याची कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७५ मध्ये अटलांटिक ओलांडताना समुद्रात तापमापक बुडवून उष्ण प्रवाहाची हद्द शोधली होती. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे दर्यावर्दी राष्ट्रांची परिषद भरली आणि जहाजांवरील नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात असे ठरले. पद्धत साधी होती. जहाजावरून बादली सोडायची, पाणी वर ओढायचे, तापमापक बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा.

या बादलीनेच पुढे शास्त्रज्ञांना पुष्कळ छळले. लाकडी बादलीतले पाणी सावकाश निवते. पुढे कॅनव्हासच्या बादल्या आल्या. त्यांतून पाणी झिरपते, वारा लागतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने बादलीतले पाणी वाचन घेईपर्यंत काही दशांश अंशांनी उतरते. यंत्रावर चालणाऱ्या जहाजांत दुसरी सोय झाली. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी नळीने आत घेतले जाते, त्या नळीतच तापमापक बसवला गेला. तेथे पाणी इंजिनघराच्या उष्णतेने किंचित तापते. म्हणजे एका पद्धतीत आकडा खरा असतो त्यापेक्षा खाली, दुसऱ्या पद्धतीत वर. दुसऱ्या महायुद्धात रात्री कंदील घेऊन डेकवर बादली ओढणे म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आमंत्रण. त्यातच त्या वर्षांतल्या नोंदी मुख्यतः अमेरिकी जहाजांच्या, आणि ती नळीतले तापमान घेत. १९४५ च्या उत्तरार्धात ब्रिटिश जहाजांच्या बादलीच्या नोंदी पुन्हा मोठ्या संख्येने येऊ लागल्या. कागदावर जगाचे समुद्र एकाएकी सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने थंड झाले! ती घट पाण्यात फारशी नव्हतीच, बादलीत होती, हे २००८ साली सिद्ध झाले. साठ वर्षे लोक त्या उताराची कारणे शोधत होते. आकडा कोणत्या साधनाने, कोणत्या जागी, किती खोलीवर घेतला हे लिहिलेले नसेल तर तो आकडा किती फसवू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शिक्षकांना वर्गात सांगण्यासाठी मिळणार नाही.

आता उपग्रह आहेत, मग नौका कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उपग्रहाच्या उष्णताकिरण यंत्राला फक्त समुद्राची कातडी दिसते; मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी जाड. ढग आले की तेवढेही दिसत नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर ढगांचे छत असते, म्हणजे आपल्याला माहिती सर्वांत जास्त हवी त्याच महिन्यांत हा डोळा मिटलेला असतो. सूक्ष्मलहरींवर काम करणारी यंत्रे ढगांतून पाहू शकतात, परंतु ती बारकाई देत नाहीत आणि किनाऱ्याजवळ गोंधळतात. शिवाय उपग्रहाचा आकडा बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी अखेर पाण्यात बुडालेला तापमापकच लागतो. उपग्रहाला सर्व दिसते असे म्हणणे सोपे आहे. १९८२ ची हकीकत ठाऊक असणाऱ्याने तसे म्हणू नये.

कोकणातील मच्छिमाराला या मोजणीचा उपयोग रोजच्या रोजीरोटीत होतो. थंड आणि उबदार पाणी जेथे भिडते त्या रेषेवर माशांचे खाद्य गोळा होते, आणि खाद्यामागे बांगडा, तारली यांचे थवे येतात. इन्कॉइस हे केंद्र उपग्रहावरून मिळालेले तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य पाहून अशा जागांचे अंदाज काढते. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर मासे मिळण्याचा संभव आहे, हे मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांतून कळवले जाते. तांडेलाच्या नौकेवर स्वतःचा तापमापक असेल तर त्या जागी पोहोचल्यावर तो रेषा स्वतः पडताळू शकतो. अर्ध्या अंशाचा फरक चटकन दिसला की जाळे टाकायचे. व्यर्थ भटकंतीत जळणारे डिझेल वाचते. वादळाच्या बाबतीत तर प्रश्न प्राणांचा असतो. चक्रीवादळ पोसले जाण्यासाठी समुद्राचा वरचा सुमारे पन्नास मीटरांचा थर २६.५ अंशांहून अधिक तापलेला असावा लागतो, आणि मोसमी पावसापूर्वी अरबी समुद्र पुष्कळदा ३० अंशांच्या घरात असतो. नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’, ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्याला धडकलेले ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधले ‘तौक्ते’ ही नावे कोकणात अजून विसरलेली नाहीत.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शेवंड पकडणारे कोळी २००१ पासून आपल्या पिंजऱ्यांना तापमापक बांधून शास्त्रज्ञांना नोंदी देत आले आहेत. न्यूझीलंडमध्येही मासेमारी नौकांच्या जाळ्यांना तापमापक लावून अशा नोंदी गोळा करण्यात आल्या. आपल्याकडे मोठ्या जहाजांच्या बाबतीत ही परंपरा जुनी आहे. भारतीय हवामान खात्याची मुंबईसारख्या बंदरांतील कार्यालये जहाजांना तपासलेली उपकरणे पुरवतात आणि नोंदी जमा करतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने चेन्नई ते पोर्ट ब्लेअर जाणाऱ्या जहाजांतून खोल पाण्याचे तापमान वर्षानुवर्षे घेतले आहे. लहान मासेमारी नौका त्यात आल्या तर मोजणीची जागा कितीतरी पटींनी वाढेल.

तेव्हा नौकेला तापमापक बसवायचा तो कसा?

पहिली गोष्ट काळाची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. नौका वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात, त्यांची डागडुजी आणि रंगकाम होते. तळाला भोक पाडायचे तर ते याच दिवसांत. पाण्यात उभ्या नौकेला हे काम करता येत नाही.

दुसरी गोष्ट उपकरणाची. दोन प्रकार प्रचारात आहेत. एकात प्लॅटिनमची तार असते. शून्य अंशाला तिचा विद्युत्‌रोध १०० ओहम, आणि प्रत्येक अंशाला तो सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. आता विज्ञानाच्या शिक्षकांनी पुढचे पाहावे. नौकेच्या तळापासून तांडेलाच्या खोलीपर्यंत जाणाऱ्या जोडतारेचा स्वतःचा रोध ०.४ ओहम एवढा जरी असला, तरी यंत्र तोही मोजते आणि पाणी एक अंशाने अधिक गरम असल्याचे सांगते. म्हणून प्लॅटिनमच्या तापमापकाला दोन तारा पुरत नाहीत. तारेचा रोध वजा करता यावा यासाठी तीन किंवा चार तारा नेतात. दुसरा प्रकार थर्मिस्टरचा. ताप वाढला की याचा रोध उतरतो, आणि तो उतार मोठा असतो. २५ अंशांना १०,००० ओहम असलेला थर्मिस्टर एका अंशाला ४०० ओहमांच्या आसपास बदलतो. तेथे तारेच्या अर्ध्या ओहमाला कोणी विचारत नाही. लहान नौकेला हा बरा. किंमत कमी, आणि मासे शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या टोकात तो बहुधा आधीच बसवलेला असतो.

तिसरी गोष्ट जागेची, आणि अर्धे यश तीतच आहे. तापमापक पाण्याखाली राहिला पाहिजे हे उघड आहे. परंतु नौका रिकामी निघते तेव्हा ती वर तरंगते आणि मासळी भरून परतते तेव्हा खाली बसते, हे सुतार विसरतो. रिकाम्या नौकेची पाणरेषा धरून त्याखाली जागा निवडावी. इंजिनाजवळची जागा टाळावी, कारण तेथे आकडा वर जाईल. बर्फाच्या कप्प्याला लागून असलेली जागाही टाळावी; ही चूक अधिक फसवी, कारण आकडा खाली जातो आणि थंड पाणी सापडले या आनंदात कोणी शंका घेत नाही. इंजिनातून तापून बाहेर पडणारे पाणी ज्या तोंडातून पडते, त्याच्या पुढच्या बाजूस, नाळेकडे, तापमापक असावा. पंख्यामागच्या फेसात तो कधीही नसावा.

नवे भोक नको असेल तर इंजिनाला पाणी आणणाऱ्या नळीवर तापमापक बसवता येतो. जुन्या जहाजांचीच ही पद्धत. मात्र तो पाणी आत शिरते त्या झडपेला अगदी लागून बसवावा आणि नळीवर उष्णतारोधक गुंडाळावे. इंजिन बंद असताना नळीतले पाणी साचलेले असते, त्या वेळचा आकडा घेऊ नये.

भोक पाडायचे असेल तर घर कोणत्या धातूचे हे पाहावे लागते. लाकडी नौकेला काशाचे घर योग्य. प्लॅस्टिकचे घर स्वस्त मिळते, पण लाकूड पाण्यात फुगते आणि त्या दाबाने प्लॅस्टिक तडकू शकते. मग तळाला उघडे भोक उरते. ॲल्युमिनियमच्या नौकेला मात्र काशे चालत नाही, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की विजेची क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. काचतंतूच्या नौकेला दोन्ही चालतात. आधी बारीक भोक पाडून ते आतून कोठे निघते ते पाहावे, मगच मोठे करावे. कडेला जलरोधक लेप भरपूर भरावा आणि नट बेताने आवळावा. फार आवळल्यास लेप पिळून बाहेर येतो. नौका पाण्यात उतरवल्यावर पहिला दिवसभर कोणीतरी आत बसून ती जागा पाहत राहिले पाहिजे. कोरड्या नौकेत न दिसणारी गळती फळ्या फुगेपर्यंत दिसते, आणि नौका त्या रात्री एकटी सोडणे शहाणपणाचे नाही.

तार इंजिनाच्या विजेच्या तारांपासून दूर न्यावी, मध्ये जोड देऊ नये. जोड द्यावाच लागला तर तो तळाच्या पाण्यापासून उंच असावा. खारे पाणी तांब्याच्या तारेत आत चढत जाते आणि महिन्याभरात आकडा उगाच थरथरू लागतो.

चौथी गोष्ट पारखण्याची. बसवण्यापूर्वी तापमापक बर्फात ठेवून पाहावा. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून, त्यात थोडेसेच स्वच्छ गार पाणी घालून, ढवळत राहिले की ते मिश्रण शून्य अंशावर स्थिर राहते. मीठ पडू देऊ नये, नाही तर मिश्रण शून्याच्या खाली जाईल. नंतर तपासलेल्या तापमापकाशेजारी ३० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवून दुसरा फरक पाहावा, कारण अरबी समुद्रात गाठ पडायची ती याच तापमानाशी. दोन्ही फरक यंत्राच्या घरावर रंगाने लिहून ठेवावेत. मासे शोधण्यासाठी अर्ध्या अंशाची चूक चालते, एकाच यंत्राने दोन जागांची तुलना करायची असल्यामुळे. हवामानाच्या नोंदीला ती चालत नाही. तेथे दशांशाचा हिशेब असतो.

यंत्र बसले म्हणजे काम झाले, असे मानण्याची सवय खात्यांना आणि संस्थांना सारखीच असते. वाटपाचा समारंभ होतो, छायाचित्र निघते, आणि दोन हंगामांनी यंत्रावर शेवाळ व कवचधारी जीव इतके साचतात की ते पाण्याचे तापमान सांगते की त्या थराचे, हेच कळत नाही. शाकारण्याच्या दिवसांत दरवर्षी ते घासून पुन्हा बर्फात पारखावे लागते. वहीत आकड्याबरोबर तारीख, वेळ, ठिकाण आणि तापमापकाची खोली यांचे रकाने लागतात. वेळ महत्त्वाची आहे. वारा पडलेल्या दुपारी समुद्राचा वरचा थर दोन-तीन अंशांनी चढतो आणि रात्री उतरतो.

हे सारे किनाऱ्यावरचे झाले. या तालुक्यात पेनटाकळी व कोराडी हे जलाशय आहेत, आणि मत्स्यबीज सोडण्याचा विषय पंचायतींपुढे येतोच. पाण्याचे तापमान तेथेही तितकेच निर्णायक असते. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, ३० अंशांना साडेसातच. त्याच वेळी मासा उष्ण पाण्यात अधिक वेगाने श्वसन करतो. उन्हाळ्यात जलाशयात वर उष्ण आणि खाली थंड असे थर पडतात, खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो, आणि पहिल्या मोठ्या वादळी पावसात थर मिसळले की मासे मरून वर येतात. लोक पाण्यात कोणी विष टाकले म्हणून एकमेकांवर संशय घेतात. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पिशवीतून आणल्यावर ती पिशवी पंधरा-वीस मिनिटे जलाशयात तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होऊ द्यावे, हा साधा नियमही घाईत मोडला जातो आणि बीज निकृष्ट होते असा बोभाटा होतो.

या मोजणीला महागडे यंत्र लागत नाही. जड तळाची बाटली, तिला बूच, बुचाला एक दोरी आणि बाटलीला दुसरी. बाटलीच्या दोरीला प्रत्येक मीटरवर गाठ मारावी. बूच लावलेली बाटली होडीतून हव्या त्या गाठीपर्यंत सोडावी, बुचाची दोरी झटक्याने ओढावी, बुडबुडे थांबले की तीन-चार मिनिटे थांबून बाटली भरभर वर घ्यावी आणि लगेच, सावलीत, तापमापक घालून वाचावे. नुसता तापमापक दोरीने सोडून वर ओढला तर येताना तो वरच्या उष्ण थराचा आकडा उचलून आणतो. विद्यार्थी बरोबर असतील तर प्रत्येकाला तरंगजाकीट हवे आणि होडी चालवणारा तेथलाच सराईत भोई हवा. एप्रिलपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत आठवड्यातून एकदा, सकाळी सातला आणि पुन्हा दुपारी तीनला, त्याच जागी, पृष्ठभाग, दोन मीटर आणि पाच मीटर अशा तीन खोलींवर नोंद घ्यावी. वहीच्या पहिल्या पानावर बाटलीचे वर्णन आणि तापमापकाचा बर्फातला आकडा लिहिलेला असावा.